मेंढपाळामागे आठ मिनिटं

"आजोबा, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय," धाकटी माइकमध्ये पुटपुटल्यासारखं म्हणाली, आणि काचेपलीकडच्या म्हाताऱ्यानं चटकन खाली पाहिलं. पायात चपला होत्या. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो काचेतून तिच्याकडे बघून कसनुसा हसला. कान तपासायच्या कामात धाकटीची तेवीस वर्षं गेली होती. ती आवाजबंद खोली, भिंतींवर करड्या स्पंजचे थर, आत बसणाऱ्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. बाहेर यंत्रापाशी ती. आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असो, आल्यासारखा वाटला तरी दाबा, हे ती प्रत्येकाला सांगायची. ज्यांना खरंच ऐकू येत नाही त्यांची मान पुढे येते, ती माणसं आवाज शोधत असतात. सोंग घेणारा स्वस्थ बसतो. हा म्हातारा, एके काळचा घड्याळजी, फोटो काढायला बसल्यासारखा बसला होता. बाहेर बाकावर त्याची सून फॉर्म भरत होती.

"पकडलंत," तो बाहेर येऊन म्हणाला. "सुनेला सांगू नका, बाई."

"का पण? ऐकू येतंय हे चांगलंच की."

"चांगलं कसलं! ऐकू येत नाही म्हटलं की माणूस सुटतो. हाक मारली आणि आला नाही, याचा कुणाला राग येत नाही. पण ऐकलं आणि जागचा हलला नाही, हे एकदा कळलं की संपलं. मग घरातली माणसं आपल्याकडे ज्या नजरेनं बघतात ना, ती नको."

हे तो अगदी गमतीत बोलला, पण आलेख छापायला पुढे गेलेला धाकटीचा हात तिथेच राहिला. तिनं कागदावर 'महिन्याने पुन्हा तपासणी' एवढंच लिहिलं, सुनेच्या हातात दिलं, आणि पुढच्या माणसाला थांबायला सांगून ती बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिली. तेवीस दिवस झाले होते. तेवीस दिवस तीही अशीच सुटलेली होती, आणि तिला सोडवणारी थोरली बहीण घरी पलंगावर, खुब्यात स्क्रू बसवून घेऊन, कूस बदलायलाही तिची वाट बघत पडली होती.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. अठ्ठेचाळिसावं सरलं तरी दुसऱ्या कुठल्या नावानं तिला घरात कुणी हाक मारली नाही. मधला दादा, त्याचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि थोरली ताई, तेरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर धाकटीची वेणी घालणारी, शाळेच्या डब्यावर झाकण नीट बसलंय का ते दोनदा बघणारी, आणि याच्या त्याच्या करण्यात स्वतःचं लग्न राहून गेलेली. ताई टायपिंगच्या क्लासात शिकवायची. चाळीस यंत्रांचा एकदम कडकडाट चाललेला असायचा आणि ताई फळ्याकडे तोंड करून म्हणायची, "तिसऱ्या रांगेतली, का थांबलीस?" पुढे यंत्रं गेली, क्लास बंद झाला, ताईच्या डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट डाग आला आणि पसरत गेला. समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, कडेचे कान तेवढे दिसायचे. "आपल्या दोघींत मिळून एक धड माणूस आहे," ताई म्हणायची. "कान माझे, डोळे तुझे. कानाडोळा करायची आपल्याला सोयच नाही." यावर दोघी कितीतरी वेळा हसल्या होत्या. आता नळाखाली हात धरलेले असताना तो विनोद आठवला आणि तिनं पाणी बंद केलं.

दादाच्या मुलानं नवं गेमयंत्र घेतलं तेव्हा जुनं इकडे आणून टीव्हीला जोडून दिलं होतं. "आत्या, वेळ जाईल तुझा." खेळ असा होता की राजाला शत्रूनं डोंगरावरच्या किल्ल्यात कैद केलंय आणि आपण तलवार घेऊन, वाटेतल्या राक्षसांना कापत जाऊन त्याला सोडवायचं. धाकटीला कापाकापी जमेना. पहिल्याच पुलावरच्या राक्षसानं तिला अकरा वेळा मारलं. मग ती पुलाखाली उतरली, नदीकाठानं चालायला लागली, आणि तिथे तिला तो खेळ सापडला. वाळूवर पाऊल पडलं की वाळूचा आवाज, गवतावर गवताचा, लाकडी फळीवर पोकळ. पाऊस पत्र्यावर वेगळा, पानांवर वेगळा, घोड्याच्या पाठीवर वेगळा. कुणीतरी बसून हे सगळं केलं होतं, ज्याला तलवारीशी काही देणंघेणं नव्हतं अशा कुणीतरी. ती लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरून फळ्यांवरच्या बरण्या बघायची, भिंतीवर टांगलेल्या कुंच्याचे केस झिजलेत हे बघून तिला उगाच भरून यायचं. पहिले काही महिने ताई शेजारी बसायची. "आता काय दिसतंय?" असं विचारायची आणि धाकटी सांगायची : तळं आहे, पलीकडे एक बाई कपडे वाळत घालतेय, वारा सुटलाय. "कपडे कसले गं? लहान मुलाचे आहेत का?" ताईचे प्रश्न संपायचे नाहीत. भाचा आला की कपाळाला हात लावायचा. "आत्या, राजा आठ महिने कोठडीत आहे आणि तू मासे धरतेयस!"

राजा कोठडीत होता हे खरंच होतं, पण त्याचं काही बिघडत नव्हतं. त्या जगाची तिला सर्वांत गोड लागलेली गोष्ट ही होती, आणि नळापाशी उभं राहून पहिल्यांदाच तिनं ती स्वतःशी नीट शब्दांत म्हटली. तिथे हाका मारणारी माणसं होती. विहिरीत पडलेला एक सुतार होता, "धावा, मला वर काढा" म्हणायचा. त्याच्याजवळून गेलं की म्हणायचा, पुढच्या आठवड्यात गेलं तरी तेवढ्याच काकुळतीनं तेच म्हणायचा. तो बुडत नव्हता, थकत नव्हता, रागावत नव्हता. आपण फिरून येईपर्यंत त्याचं संकट जागच्या जागी ठेवलेलं असायचं. घरी दिवसभराच्या हाका वेगळ्या होत्या. धाकटे, हे कुठलं औषध गं, निळं की हिरवं? धाकटे, दारावर कोण आहे? धाकटे, या पत्रात काय लिहिलंय? दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या कानांशी झटून आल्यावर 'आता काय दिसतंय' याचंही उत्तर द्यायचा तिला कंटाळा यायला लागला. तो कंटाळा आहे हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. ताईला त्या आवाजाचा त्रास नको, असं म्हणून तिनं मोठे, कान झाकणारे हेडफोन आणले. ताई म्हणाली, "अगं, मला कुठे त्रास होतो?" आणि मग शेजारची खुर्ची सोडून आतल्या खोलीत बसायला लागली.

तो रविवार होता, दुपारचे चार. धाकटी एका मेंढपाळामागे चालत होती. तो रोज तिसऱ्या प्रहरी बारा मेंढ्या घेऊन टेकडीवरून उतरायचा, आणि तो संध्याकाळी कुठे जातो हे तिला बघायचं होतं. त्याला घर आहे का, घरात कोण आहे, एवढंच. चष्म्याच्या काड्या रुतत होत्या म्हणून उजवा हेडफोन तिनं कानामागे सरकवलेला होता. आतून ताईची हाक आली. "धाकटे, जरा ये गं. वरच्या फळीवरचे उशांचे अभ्रे काढून दे." शब्दन् शब्द ऐकू आला. तिचा अंगठा थांबला, मेंढपाळ चार पावलं पुढे गेला. आणि मग अंगठा पुन्हा हलला. आत्ता जाऊ, तो वळणावरून दिसेनासा होण्याआधी फक्त... असा काही विचारही नव्हता त्यात. तिथल्या हाकांसारखी हीही हाक तिनं नंतरसाठी ठेवून दिली. मेंढपाळ ओढा ओलांडून, कुंपणाच्या कडेनं, गावामागे गेला. त्या जगात दुपारची संध्याकाळ व्हायला आपली आठ मिनिटं लागतात. मग उघड्या कानात एक आवाज आला. भांडं पडल्याचा आवाज चटकन ओळखू येतो, हा तसा नव्हता. चिंध्यांचं गाठोडं पडावं तसा, मऊ. त्यानंतर स्टूल आडवं झाल्याचा. ती धावली तेव्हा ताई फरशीवर कुशीवर पडलेली होती, हातात अभ्रा घट्ट धरलेला, आणि एक पाय जिकडे असू नये तिकडे वळलेला.

"तिच्या कानावर ते होतं ना, तिला ऐकू कसं जाणार?" हे ताईनं आधी शेजारणीला सांगितलं, मग अँब्युलन्सवाल्याला, मग डॉक्टरांना, आणि ऑपरेशन झाल्यावर गुंगीतून पुरती बाहेर येण्याआधी दादाला. दर वेळी धाकटी तिथेच उभी होती. दर वेळी तिला वाटलं, आता बोलावं, आणि दर वेळी तेवढ्यात कुणीतरी दुसरंच काही बोललं. ताईला घरी आणल्यावर दादा तर धाकटीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होता, "तू मनाला लावून घेऊ नकोस. पण मी ताईला माझ्याकडे नेतो. तू कामाला जाणार, हिला दिसत नाही, इथे हिच्याकडे बघणार कोण?" तेव्हा ताई पलंगावरून कडाडली होती, "बघायला ती आहे. ऐकू आलं असतं तर धावत आली असती. माझं घर इथे आहे."

त्या संध्याकाळी धाकटी घरी पोचली तेव्हा कामाची बाई निघायच्या तयारीत होती. ताईला उठवून बसवलं, उशा लावल्या, चहा दिला. पेल्यातला चहा किती उरलाय ते ताई नेहमीसारखं बोट घालून बघत होती. खोलीत औषधी मलमाचा वास होता. धाकटी पलंगाच्या पायाशी बसली आणि घड्याळजीची गोष्ट सांगायची म्हणून तोंड उघडलं, तर वेगळंच बाहेर आलं.

"ताई, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

ताईनं पेला खाली ठेवला. जागा चाचपून, सावकाश.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुझ्या हातातल्या त्या बटणांचा टकटक आवाज येतो. मी हाक मारली आणि टकटक थांबली. मला वाटलं, उठली. मग परत सुरू झाली." ताईचे डोळे, जसे हल्ली असायचे तसे, धाकटीच्या कानाच्या बाजूला कुठेतरी लागले होते. "चाळीस पोरींमधली एक थांबली तर मला कळायचं, धाकटे. तू तर एकटी होतीस."

ताई रागावेल, रडेल, नाहीतर 'जाऊ दे गं' म्हणेल, असं सगळं तिनं तेवीस दिवस मनात घोकलं होतं. ताईला आधीपासून ठाऊक असेल, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. सगळ्यांसमोर ती जे सांगत होती ते धाकटीच्या तोंडाकडे, म्हणजे कानाकडे बघत, ठरवून सांगत होती.

"मग तू चढलीस कशाला?" धाकटी म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या स्वतःचीच तिला शिसारी आली.

"रागानं चढले. अभ्र्यांची काय घाई होती? मनात म्हटलं, नको येऊस, अडलंय का माझं. दुसरा पाय वर घेताना स्टूल हललं तेव्हाच कळलं होतं, उतरावं. नाही उतरले." ताईनं पेला चाचपून पुन्हा उचलला. "होतं काय एवढं त्यात? काय बघत होतीस?"

"एक मेंढपाळ होता. तो संध्याकाळी कुठे जातो ते."

"मग? कुठे गेला?"

"कुठेच नाही. गावामागे एक भिंत आहे. तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला घर करायला विसरलेत."

ताई हसली. तोंड मिटूनच हसली, पण खुब्याला हिसका बसला तशी कळवळली. "म्हणजे माझं हाड मोडलं, आणि त्या मेल्याला घरसुद्धा नव्हतं." धाकटीही हसली आणि हसता हसता रडायला लागली, तेव्हा ताईचा आवाज एकदम कोरडा झाला. "रडू नकोस. तू रडलीस की मला तुझी समजूत काढावी लागते आणि आज माझ्यात ते नाही. दादाला फोन लाव. पंधरा दिवस जाते त्याच्याकडे. इथे पडल्या पडल्या तुझ्या पायांचा आवाज ऐकते ना मी, तुझं ते आवंढे गिळत चालणं, त्यानं माझा जीव नुसता घुसमटून गेलाय."

शनिवारी सकाळी दादा आला. ताईला खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली नेलं, गाडीत पाठीमागे उशा रचल्या. ताईची बॅग धाकटीनंच भरली होती. त्यात ते अभ्रेही घातले होते आणि पुन्हा काढून ठेवले होते. दार लावता लावता दादा म्हणाला, "तू अशी चेहरा पाडून नको गं राहूस. तुझी काय चूक? ऐकू आलं नाही ते नाहीच आलं."

"आलं होतं, दादा," धाकटी म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. घड्याळजीनं सांगितलेली नजर ती हीच, हे तिला लगेच कळलं. तिच्यात राग नव्हता, नवीन माणसाकडे बघतात तसं काहीतरी होतं. मग तो पुढे जाऊन बसला आणि गाडी निघाली. धाकटी फुटपाथवर उभी राहिली आणि तिच्या अंगातून खरोखर एक ओझं उतरलं. तेवढ्यापुरतं तिला अगदी हलकं, स्वच्छ वाटलं, आणि घरी जाऊन ती दोन तास गाढ झोपली.

रिकाम्या घरात आता हवं तितकं खेळता आलं असतं. हेडफोनचीही गरज नव्हती. रविवारी तिनं यंत्र लावलं, नदीकाठी गेली, वाळूवरून चालली, आणि वाळूचा आवाज नुसता वाळूचा आवाज होता. तिनं त्या तळ्याकाठी, त्या बरण्यांपाशी इतके महिने जे मिटक्या मारत चाखलं, त्यातला कितीतरी गोडवा आतल्या खोलीत कुणीतरी वाट बघत असण्याचा होता. चोरून खाल्लेल्या साखरेसारखा. आता चोरायला कुणी मालकच नव्हतं. मग तिनं शिक्षा भोगावी तसं मूळ काम हाती घेतलं. दवाखान्यातून आली की काढा प्यावा तशी राक्षस मारायला बसायची. सतरा वेळा मेली, अठराव्यांदा पूल ओलांडला. आठवडा गेला आणि ती किल्ल्यात पोचली. कोठडीचं दार उघडलं, साखळ्या तुटल्या, आणि इतके महिने अंधारात बसलेला राजा दाढीचा एक केसही न वाढवता उठून उभा राहिला आणि म्हणाला, तू अगदी वेळेवर आलीस. धाकटीनं टीव्ही बंद केला. तिला त्या राजाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पंधरा दिवसांचे अठरा झाले. दादा तिचा फोन घेत नव्हता, वहिनी घ्यायची आणि "बरं आहे, जेवल्या, झोपल्यात" एवढं सांगायची. एकोणिसाव्या दिवशी दवाखान्यात, दोन तपासण्यांच्या मध्ये, ताईचाच फोन आला. ती कुजबुजल्यासारखी बोलत होती.

"सांगितलंस ना त्याला?"

"हो. मला वाटलं, खरं ते..."

"खरं! तुझं मन हलकं झालं असेल. इकडे तो मला सोडायला तयार नाही. म्हणतो, ऐकून न येणाऱ्या माणसाच्या भरवशावर तुला कसं ठेवू? आता मी काय सांगू त्याला? माझ्याजवळ तेवढं एकच कारण होतं तिथे राहायचं, ते तू देऊन टाकलंस." मागे कुठेतरी दार वाजलं तसा ताईचा आवाज आणखी खाली गेला. "मी काय वेड्यासारखी सगळ्यांना सांगत होते का गं? तुला वाचवायला नव्हतं ते सगळं. माझंही होतं त्यात."

फोन ठेवल्यावर धाकटी बराच वेळ यंत्राच्या सुया बघत बसली. आत खोलीत एक बाई कानांवर हेडफोन लावून, मान पुढे काढून, आवाजाची वाट बघत होती. न बोलल्याचा एक अपराध आणि बोलल्याचा दुसरा. आणि दुसरा करताना तर किती बरं वाटलं होतं. तिनं बाईची तपासणी पुरी केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दादाच्या घरी जाणारी बस धरली. दोन बस बदलाव्या लागतात. वाटेत तिनं बोलायची वाक्यं जुळवली आणि एकेक टाकून दिली.

दार दादानंच उघडलं. "कशाला आलीस?" असं त्यानं विचारलं नाही, पण दारातून बाजूलाही झाला नाही.

"ताईला न्यायला आलेय," ती म्हणाली.

"आणि परत हाक मारली तर?"

"माहीत नाही, दादा. येईन असं म्हणते. पण तूच मला विचारशील, कशावरून, तर ते सांगायला माझ्याकडे काही नाही."

दादानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण आतून ताई म्हणाली, "तिला आत तर येऊ देशील? माझं लग्न ठरवताय का दाराशी उभं राहून?" ताई खिडकीशी आरामखुर्चीत होती, पायावर शाल, बाजूला चार पायांची काठी. केस कुणीतरी भांग चुकवून विंचरले होते. वहिनी पाणी ठेवून आत गेली. दादा दाराशीच उभा राहिला.

"ही सगळी माणसं चांगली आहेत," ताई मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हाक मारायच्या आत येतात. कधीकधी दोघं दोघं येतात. मला कंटाळा आलाय." मग ती धाकटीकडे, तिच्या कानाकडे वळली. "मी येते. तुला माफ केलंय म्हणून नाही, ते पुढे बघू. पण एक ऐक. मी हाक मारली की नुसतं 'आले' नको म्हणूस. यायचं नसेल तर 'नाही येत' म्हण. 'मेंढ्यांमागे आहे' म्हण. मी स्टूल घेणार नाही, शिव्या देत बसेन. पण ती टकटक थांबून परत सुरू होते ना, तसं पुन्हा मला ऐकवू नकोस."

"नाही," धाकटी म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही ऐकवणार."

मग दादानं बॅग उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली, आणि गाडीची किल्ली शोधायला आत गेला. धाकटीनं वाकून ताईच्या काखेत हात घातला. ताई जड झाली होती, की धाकटीचीच सवय गेली होती. उठताना ताईनं तिचा दंड इतका घट्ट धरला की दुखला, आणि धाकटीनं तो तसाच धरू दिला.